पहिलं नाव कोणाचं

अमरावतीच्या माझ्या फोटो स्टुडिओत काउंटरखाली एक काळा डबा असतो. त्याला नॅस म्हणतात. दुकानातले सगळे कॉम्प्युटर त्याला जोडलेले, आणि आजवर काढलेली लग्नं, बारशी, साखरपुडे सगळे त्याच्या पोटातल्या हार्ड डिस्कवर. जुना डबा मधेच बंद पडू लागला, म्हणून अकोल्याहून नवा आणला. घासाघीस करताना बसवून देण्याचा खर्च मी किमतीतून कापायला लावला. इकडच्या डिस्क काढून तिकडे घालायच्या, त्यात काय शिकायचं?

डिस्क बसल्या. डब्याने वापरणाऱ्याचं नाव विचारलं, मी माझं टाकलं. फोल्डर ओळीने दिसू लागले. मी खुशीत चहा सांगितला. चहा यायच्या आत दर्यापूरचं एक गिऱ्हाईक दारात उभं राहिलं.

त्याची आई वारली होती. उद्या तेरवी. त्याच्या बहिणीच्या लग्नात मी आईचा एकटीचा एक फोटो काढला होता, तो मोठा करून फ्रेममध्ये हवा होता. अल्बम बहिणीकडे, सुरतेला.

मी माझ्या नावाचं फोल्डर उघडायला गेलो. परवानगी नाही.

पुन्हा दाबलं. परवानगी नाही. डबा बंद करून चालू केला. तेच. माझं दुकान, माझे फोटो, आणि मलाच परवानगी नाही!

"भेटते ना भाऊ?" तो बाकावरून म्हणाला. "मायचा दुसरा फोटोच नाही आमच्याजवळ. आधार कार्डावर हाय एक, पण त्याच्यात तिनं सोताले वळखलं नसतं."

"भेटते, भेटते. बसा." आवाज मी मोठा ठेवला. डिस्क काढताना एखादी हातातून आपटली होती का? उलटसुलट बसल्या का? पडद्यावर एका कोपऱ्यात 'डिस्क नव्याने तयार करा' असं बटन होतं. बोट दोनदा तिकडे गेलं आणि मागे आलं.

मग चुकून बाजूच्या फोल्डरवर दाबलं गेलं, आणि ते उघडलं. ते माझ्या धाकट्या भावाचं होतं.

आम्ही दोघांनी मिळून हे दुकान चालवलं. गिऱ्हाइकांवरून भांडणं व्हायला लागली, तेव्हा त्यानेच जुन्या डब्यात ज्याचं फोल्डर त्यालाच उघडेल अशी सोय केली. पुढे त्याने अकोल्यात स्वतःचा स्टुडिओ टाकला. जाण्याआधी सगळ्या सोयऱ्यांच्या पंगतीत म्हणाला, "दादाले भाव करता येते, फोटो काढता येत नाही." लोक हसले. मी ताटावरून उठलो. ते हसणं अजून माझ्या कानात आहे. जुनं काम लागलं की तो येतो, कॉपी करतो, चहा न घेता जातो.

त्याचं बंद फोल्डर उघडलं याचा एरवी मला आनंद झाला असता. आता मात्र भीतीच वाटली. ज्याचं त्याला राहिलं नव्हतं, म्हणजे आत काय उलथापालथ झाली होती कोण जाणे. बाकावरचा माणूस एसटीची वेळ पाहत होता. मी भावाला फोन लावला आणि हात मोकळे राहावेत म्हणून स्पीकरवर टाकून काउंटरवर ठेवला.

"काहून फोन केला दादा?"

"डिस्क नव्या डब्यात टाकल्या. माह्यं फोल्डर उघडून नाही राहिलं."

"कोणतं बटन दाबलं?"

"काहीच नाही."

"खरं सांग."

"अबे, नाही म्हटलं ना! अन् तुह्यं उघडून राहिलं."

तो हसला. "नव्यात पहिलं नाव कोणाचं टाकलं?"

"माह्यं. दुकान माह्यं हाय."

"तेच तर. डब्याले नाव नाही समजत, नंबर समजते. जुन्यात पहिला मी, दुसरा तू. आता तू पहिला झाला, तं माह्या खोलीची चाबी तुले भेटली. तुह्या खोलीची चाबी दुसऱ्या नंबरची. दुसरा कोणी हायेच नाही."

"मंग?"

"डब्याच्या मुख्य खात्यातून, ॲडमिनच्या, आत जा. तुह्यं नाव काढ. आधी माह्यं टाक, मंग तुह्यं."

माझ्याच दुकानात पुन्हा हा पहिला! मी विचारलं, "पहिलं दुसऱ्या कोणाचं टाकलं तर?"

"चालते. गल्लीतल्या कुत्र्याचं टाक. पण माह्यं सारं काम मंग त्याच्या नावावर जाईन."

मुख्य खात्यातून आत शिरून मी माझ्या नावावर गेलो. डब्याने विचारलं, काढायचं का?

"दाबू? फोटो गेले तं?"

"फोटो नाही जात. फक्त नाव जाते."

"लेखी देतो का?"

"दादा, गिऱ्हाईक बसलं हाय ना? दाब!"

दाबलं. माझं नाव गेलं. रिकाम्या जागेत भावाचं नाव टाकलं, त्याच्याखाली माझं. मग माझ्या नावाने आत शिरून माझं फोल्डर उघडलं. लग्नं एकाखाली एक उलगडत गेली.

एका फोटोत मांडवाच्या खांबाला टेकून गिऱ्हाइकाची आई उभी होती. पदराचं टोक मुठीत, पाहणं निघालेल्या गाडीकडे. बाकावरचा माणूस उठून पडद्याशी आला.

"हाच," तो म्हणाला. "माय अश्शीच पाहे. कोणी काढला हा?"

"मी काढला," मी म्हणालो. काउंटरवरचा फोन चालूच होता. तो मी बंद केला नव्हता.

फोटो छापून फ्रेममध्ये बसवला, आणि ती कागदात बांधून घेऊन तो गेल्यावर फोनमधून आवाज आला, "माह्यं उघडते का आता?"

मी दाबून पाहिलं. परवानगी नाही.

"नाही उघडत."

"मंग सारं बरोबर झालं," तो म्हणाला, आणि फोन ठेवला. फोटोबद्दल एक शब्द नाही. पण ऐकलं त्याने.