पुसलेली फळी

समोर चित्र ठेवलं की तो आधी डोळ्यांवरचा चष्मा काढायचा. लोक नीट दिसावं म्हणून चष्मा लावतात, हा काढायचा. जाड भिंगांचा तो चष्मा सदऱ्याच्या खिशात टाकून आपण नेलेलं चित्र खोलीच्या दुसऱ्या टोकाला, लोणच्याच्या बरण्यांच्या रांगेत उभं करायला लावायचा. मग डोळे बारीक करायचा आणि म्हणायचा, "पुसा."

काय पुसू, का पुसू, हे विचारायची सोय नव्हती. विचारलं तर म्हणायचा, "गिऱ्हाईक दुकानात चष्मा पुसून येत नाही. लांबून जे दिसतं तेवढंच ठेवा. बाकीचं पुसा." असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. नसेल तर तुम्ही नशीबवान आहात. वयाने तो माझ्या वडिलांएवढा होता. तोंडावर मी त्याला 'सर' म्हणायचो, पण मनात कधी अहोजाहो केलं नाही, आणि आता लिहितानाही करणार नाही.

ही नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी बाळकुमचा आगरी. आमच्या मागच्या पिढ्या मिठागरात राबल्या. मी मात्र ठाण्यातल्या एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायचो आणि उरलेल्या वेळात एक गेम तयार करत होतो. त्याचं नाव 'मिठागर'. खाडीच्या भरतीचं पाणी आत घ्यायचं आणि बांधांमधल्या लाकडी फळ्या वर-खाली करून ते सगळ्या वाफ्यांत पोचवायचं. एकही वाफा कोरडा राहता कामा नये आणि एकही बुडता कामा नये. ऐकायला सोपं होतं, खेळायला बसलं की घाम फुटायचा.

माझ्या मोठ्या भावाचे रेतीचे टेम्पो होते आणि त्याला घरचा माणूस हवा होता. "तुजा यो खेल कोन घेनार हाय?" तो रोज जेवताना विचारायचा. शेवटी आमचं ठरलं. दिवाळीच्या सुट्टीत गेम दुकानात लागून विकला गेला तर ठीक, नाहीतर मी कॉम्प्युटर गुंडाळून टेम्पोवर बसायचं. भावाने माझ्यासाठी टेम्पोत नवं सीटकव्हरही घालून ठेवलं होतं.

खोपटला एसटी डेपोजवळ कॉम्प्युटरचं एक दुकान होतं. मालकाने गेम खेळून पाहिला, त्याला आवडला. मग त्याने फ्लॉपीचा माझा खोका हातात घेऊन उलटापालटा केला. "यात जुलाबाच्या गोळ्या आहेत असं वाटतंय यार. कव्हर चांगलं करून आण, शोकेसमध्ये ठेवतो." आणि त्यानेच मला डोंबिवलीला, रामनगरातल्या एका पहिल्या मजल्यावर, या चष्मेवाल्या चित्रकाराकडे धाडलं. लोणची, पापड, उदबत्त्या, भजनांच्या कॅसेटी, सगळ्यांची कव्हरं हा काढायचा. "माणूस खडूस आहे," मालक म्हणाला. खडूस हा शब्द फारच मवाळ होता.

मी माझं कच्चं चित्र घेऊन गेलो होतो. मोठ्या हौसेने काढलेलं. त्यात चंद्र होता, बगळे होते, मिठाच्या राशी होत्या, पाच रंगांत नाव होतं, आणि मधोमध फावडं घेतलेले माझे आजोबा होते. त्याने चष्मा काढला.

"चंद्र पुसा. पक्षी पुसा. नाव एका रंगात. हा म्हातारा कोण?"

"माझे आजोबा. मिठागरात..."

"मग घरात लावा, हार घाला. दुकानात उन्हात कशाला उभं करताय बिचाऱ्याला?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजोबा गेल्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. पण दिवाळी जवळ आलेली, दुसरा चित्रकार शोधायला वेळ नव्हता.  एवढंच म्हणालो, "सर, आधी गेम खेळून तरी बघा."

"मी लोणचं चाखून लेबल काढत नाही," तो म्हणाला. "चाखलं असतं तर यातली निम्मी लेबलं काढलीच नसती."

कव्हर हिच्यावरून काढा म्हणून मी त्याला गेममधल्या सगळ्यात अवघड पातळीची छापील प्रत दिली. ती त्याने दोन बोटांच्या चिमटीत, मेलेलं झुरळ उचलावं तशी धरली. पुढे काही दिवस मी फेऱ्या मारल्या. दार अर्धवट उघडून तो म्हणायचा, "चित्र म्हणजे भजी नव्हेत," आणि दार लावून घ्यायचा.

चित्र झालं. मान्य करायला आजही जिवावर येतं, पण चित्र चांगलं होतं. गर्द निळी खाडी, करडे बांध, चमचमणारे भरलेले वाफे आणि खालच्या कोपऱ्यात एकच वाफा कोरडा, पांढराफटक. बघणाऱ्याला वाटावं, आत्ता पाणी पोचवलं पाहिजे तिथे. मी ते घाईघाईत छापखान्यात दिलं. खोके छापून घरी आले, तेव्हा सवयीने कव्हरवरून बोट फिरवत मी मनात पाणी सोडू लागलो. आणि थांबलो. एक फळी नव्हती. नेमकी जिच्यावाचून पाणी त्या कोपऱ्यातल्या वाफ्याकडे वळूच शकत नाही, ती.

मी तसाच डोंबिवलीला गेलो. "इथली फळी कुठे गेली?"

"पुसली. नावाच्या मध्ये येत होती."

"अहो, तिच्याशिवाय कोडं सुटत नाही! कोडं विकतोय मी!"

त्याने चष्म्याला हात घातला. "काढू नका!" मी ओरडलो. "या वेळी लावून बघा."

त्याने शांतपणे चष्मा काढला, खोक्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "सुटतं. माझ्या चित्रात चूक नसते. तुम्हाला सुटत नसेल."

"मग दाखवा सोडवून!"

"दाखवीन. निघा आता."

जिना उतरताना मी त्याला आगरीतल्या ठेवणीतल्या शिव्या घातल्या. पुन्हा छापायला वेळ नव्हता. ते लबाड कव्हर तसंच खोपटच्या शोकेसमध्ये लागलं.

आणि लोक थांबायला लागले. एसटीची वाट बघणारी माणसं, बस लागायला उशीर, हाताला काम नाही. कोणी शोकेसच्या काचेवर बोट ठेवून खाडीतून पाणी काढायचं आणि त्या कोरड्या वाफ्यापाशी अडकायचं. एक कंडक्टर बस सुटायच्या वेळेपर्यंत तिथेच. बाजार आटपून चाललेली एक कोळीण रिकामी पाटी बगलेत धरून म्हणाली, "हितून नाय रं जात पानी, त्या अंगाशी बग!" बँकेतले दोघे तर तिथेच भांडले. "ओ शेठ, हे सुटतं कसं?" म्हणत माणसं आत शिरायची. मालक म्हणायचा, "आत फ्लॉपी आहे, घरी जाऊन सोडवा." खोके संपले, आणखी मागवले. ज्यांच्या घरी कॉम्प्युटर नाही त्यांनीही नेले, कोणाकडे तरी जाऊन खेळू म्हणून. रोज दुकान उघडलं की मालकाला शोकेसची काच पुसावी लागायची.

भावाने टेम्पोवर दुसरा माणूस ठेवला. सीटकव्हर तेवढं मला ऐकवत राहिला. मी कॉम्प्युटरवरच राहिलो, आजही आहे. पण खरं सांगतो, मला आनंदापेक्षा रागच जास्त होता. आजोबांना हाकलणाऱ्या माणसाच्या चुकीवर माझं पोट भरत होतं. वर गिऱ्हाइकं माझ्याशी भांडायला यायची, "कव्हरवरचं कोडं आत कुठेच नाही, फसवता काय?" त्या शिव्या मी खाल्ल्या. त्याने आयुष्यात एकही खाल्ली नसेल.

पुढच्या गेमचं कव्हर मी त्याला दिलं नाही. पण डोंबिवलीच्या बाजारात एकदा तो समोर आला. नमस्कार नाही, कसे आहात नाही. हातात मेथीची जुडी. "दोन्ही बाजूंनी एकदम पाणी घेतलं तर?"

"तरी नाही."

"हं," म्हणाला आणि निघून गेला.

पुढे काही महिन्यांनी पुन्हा तेच. "वरचे वाफे आधी रिकामे केले तर?"

"सर, ती पुसलेली फळी परत काढा. लगेच सुटेल."

"ती जास्तीची आहे," तो म्हणाला. सुंभ जळतो पण पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभही शाबूत होता. मला त्या दिवशी घरी येईपर्यंत हसू येत होतं. झुरू दे म्हाताऱ्याला, असंच मनात होतं.

तो गेल्याचं मला कळलं ते त्याच्या पुतणीच्या फोनवरून. खोली रिकामी करत होती. छापखान्यातून त्याच्याकडे परत गेलेल्या मूळ चित्राच्या मागे माझं नाव होतं, म्हणून "घेऊन जा" म्हणाली. गेलो. खरं तर वस्तू आपली म्हणून गेलो, त्याच्यासाठी नाही.

लोणच्याच्या बरण्या तशाच रांगेत होत्या. माझं चित्र मात्र त्या रांगेत नव्हतं. काचेच्या चौकटीत बसवून त्याने ते खाटेशेजारी, बसल्या बसल्या हात पोचेल एवढ्या उंचीवर लावलं होतं.

"रोज सकाळी चहा घेऊन याच्यापुढेच बसायचे," पुतणी म्हणाली. "चष्मा लावून. आम्ही हाक मारली तर ओरडायचे."

मी जवळ गेलो. काचेवर बोटांच्या तेलकट रेघा होत्या, एकीवर एक, कितीतरी. सगळ्या खाडीपासून निघालेल्या, बांधाबांधाने खाली आलेल्या. पुसलेल्या फळीच्या जागी येऊन त्या सगळ्या मागे वळल्या होत्या. कोपऱ्यातल्या पांढऱ्या वाफ्यावरची काच तेवढी स्वच्छ होती. मला एकदम त्याचा भयंकर राग आला. एवढ्या सकाळी घालवल्या, पण एक फळी परत काढली नाही या माणसाने. 

पुतणीने चौकट खिळ्यावरून उतरवली आणि पदराचं टोक हातात घेतलं. "थांबा, काच पुसून देते."

"पुसू नका," मी म्हणालो.