रेणापूरचा गडी बाकावर

माझ्या नातवाचं जावळ नांदेडऐवजी रेणापूरला झालं, याला माझे व्याही माणिकराव यांचा खोटेपणा कारणीभूत आहे, असं आमच्या घरात मानलं जातं. ते खरं नाही. माणिकराव खोटं बोलले नव्हते. हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण खोटं मी बोललो होतो.

आता माझं वय झालं आहे. रक्तदाबाची गोळी मी रोज घेतो, पण ही गोष्ट मनावर असली की गोळीचा काही उपयोग होत नाही. म्हणून एकदा नीट सगळं लिहून टाकतो.

सुरुवात आमच्या जावयाने केली. संदीप तसा गुणी मुलगा आहे, लातूरला बँकेत आहे. पण त्याला टीव्हीवरच्या कबड्डीचं वेड. त्याने घरच्या घरी एक खेळ काढला. टीव्हीवरच्या सगळ्या संघांमधून प्रत्येकाने आपापले सात खेळाडू निवडायचे आणि एक आठवा राखीव ठेवायचा. ते खेळाडू खऱ्या सामन्यात जेवढे गुण मिळवतील तेवढे आपल्याला. फक्त राखीव गड्याचे गुण धरायचे नाहीत. तो आपला बाकावर बसणार. सामना सुरू व्हायच्या आत कुणाला लावायचं आणि कुणाला बसवायचं, हे घरच्या ग्रुपवर कळवायचं. एकदा शिट्टी वाजली की बदल नाही.

हे पोरखेळ आहेत असं मी म्हणालो. मग त्याचे वडील माणिकराव खेळणार आहेत असं कळलं. मग मीही खेळलो.

निवड आमच्याच घरी झाली. सगळे आलेले होते. आळीपाळीने एकेक नाव घ्यायचं. मी पहिल्याच फेरीत बलजीत नावाचा हरियाणाचा रेडर घेतला. म्हशीसारखा दणकट गडी. चढाईला गेला की समोरचे आपोआप मागे सरकायचे. (हे मला माझा मुलगा महेश याने कानात सांगितलं होतं. मला तोवर कबड्डीतलं फक्त ‘कबड्डी’ एवढंच ठाऊक होतं.) शेवटी राखीव गडी घ्यायची वेळ आली. माणिकराव माझ्याकडे बघत होते. त्यांचा चुलत पुतण्या विशाल हा बलजीतच्याच संघात होता, पण बलजीत असताना त्याला मैदानात कोण उतरवणार? पाण्याच्या बाटल्या आणून देताना तो टीव्हीवर दिसला की रेणापुरात फोनाफोनी व्हायची, एवढीच त्याची कारकीर्द.

मी म्हणालो, “विशाल.”

माणिकरावांचे डोळे भरून आले. व्याह्याला ते इवाई म्हणतात. “इवाई, आमचं लेकरू घेतलं तुमी. लई मोठं मन तुमचं.”

मोठं मन वगैरे काही नव्हतं. लग्नात आहेराची टॉवेल-टोपी येते, ती आपण घेतो, कपाटात ठेवतो. तसं मी विशालला घेतलं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण त्याच दिवसांत नातवाच्या जावळाचा विषय निघाला. माणिकरावांना ते लातूर जिल्ह्यातल्या आपल्या गावी, रेणापूरला हवं होतं. पहिला नातू, भावकी मोठी. आमच्या सौ.ला, सुमनला, ते नांदेडला हवं होतं. तिचं कारण साधं होतं. आमच्या दोन्ही लेकरांचं जावळ आमच्या अंगणात, शेवग्याच्या झाडाखाली, आमच्याच गल्लीतल्या गंगाराम न्हाव्याने काढलं होतं. गंगाराम आता थकला आहे. दुकान पोरांकडे दिलंय. तरी सुमनने त्याला जाऊन विचारलं होतं, आणि “वैनी, तेवढं एक करतो, मग वस्तरा ठेवतो,” असं तो म्हणाला होता. तिने बाळाला लाल झबलंही शिवून ठेवलं होतं. ती यावरून कुणाशी भांडली नाही. फक्त रोज अंगण झाडताना शेवग्याखाली जरा जास्त वेळ झाडायची.

दोन्हीकडून ‘तुमी म्हणाल तसं’, ‘न्हाई न्हाई, तुमीच म्हणा’ असं चालू राहिलं. व्याह्या-व्याह्यांत हे असंच असतं. संदीप कंटाळला आणि हसत म्हणाला, “मामा, ज्याची टीम जिंकेल त्याच्या दारात जावळ. विषय खतम.”

सगळे हसले. सुमन हसली नाही. रात्री मला म्हणाली, “तुमाला येतं ना ते खेळायला?”

“येतं की.”

“मग जिंका.”

आता सांगायला हरकत नाही, मी मन लावून खेळलो. पेपरातल्या निधनवार्ता सोडून कबड्डीचं पान आधी वाचायला लागलो. बलजीतने मला गुण मिळवून दिले, माणिकरावांच्या गड्यांनी त्यांना दिले, आणि शेवटच्या सामन्याच्या दिवशी आम्ही दोघे जवळजवळ बरोबरीत होतो. त्याच दिवशी सकाळी बलजीतचा गुडघा सुजल्याची बातमी आली. खेळेल किंवा खेळणार नाही, असं त्याच्या संघाने सांगितलं.

तो खेळला नाही तर त्याच्या जागी विशाल उतरणार. म्हणजे बलजीतला ठेवायचं, की काढून विशालला लावायचं? माझ्या सातातला एक, पण जावळ त्याच्यावर अडकलेलं.

मी सल्ले घेतले. समोरच्या सलीमभाईंनी सारी उमर एका हाडाच्या डॉक्टरकडे कंपाउंडरी केली. त्यांना विचारलं.

“उमर क्या है?”

“पंचवीस असेल.”

“सूजन है, तो आराम चाहिए.”

“म्हणजे खेळणार नाही?”

“मैंने आराम बोला. पच्चीस का लडका आराम करता है क्या?”

महेशला विचारलं. तो म्हणाला, “आबा, बलजीत म्हंजे बलजीत. एका पायावर खेळला तरी विशालपेक्षा भारी.” पाच मिनिटांनी परत आला आणि म्हणाला, “पण उतरलाच न्हाई तर शून्य.” मुलाला इतकं शिकवून त्याचं मत पाच मिनिटं टिकत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

तेव्हा मला वाटलं, विशाल खेळणार की नाही हे त्याच्या काकाला माहीत असणारच. पण व्याह्याला सरळ कसं विचारायचं? टाकी भरली का बघतो, असं सांगून मी गच्चीवर गेलो आणि रेणापूरला फोन लावला.

“जेवण झालं का?”

“झालं. तुमचं?”

“झालं. पाऊसपाणी?”

“बरं हाय. सोयाबीन काढून राहिलो.”

“विहीणबाईंची तब्येत?”

“ठीक हाय. इवाई, तुमाला विशालचं इचारायचं का?”

टाकीवर एक कावळा बसला होता, त्याला मी हाकललं.

“आत्ताच त्याचा फोन आल्ता,” माणिकराव म्हणाले. “बलजीत बसणार हाय. आज आमचा विशाल उतरणार. तुमी त्याला लावा.”

आता माझी बाजू समजून घ्या. माझं सगळं आयुष्य सोयरिकी जुळवण्यात आणि निभावण्यात गेलं आहे. सोयऱ्याच्या बोलण्याचा अर्थ कधी सरळ घ्यायचा नसतो. ‘आम्हाला मानपान काही नको’ म्हणजे कुणाचा फेटा राहिला तर वर्षभर ऐकावं लागतं. ‘पोट भरलं’ म्हणजे अजून दोनदा आग्रह करा. ‘बसतो निवांत’ म्हणजे रिक्षा बघा. मग जो माणूस माझ्याविरुद्ध खेळतोय, ज्याला जावळ स्वतःच्या दारात हवंय, तो मला ‘आमच्या पोराला लावा’ म्हणतो, याचा अर्थ काय?

अर्थ एकच. बसवा.

खाली आलो आणि ग्रुपवर कळवलं: बलजीत खेळेल, विशाल राखीव.

शिट्टी वाजली. बलजीत गुडघ्याला बर्फ लावून बाकावर बसला होता. विशाल मैदानात होता.

त्याने काय खेळ केला ते मी सांगणार नाही. रेणापूर तालुक्यात कुणालाही विचारा, अजून सांगतात. पहिल्या चढाईत दोन गडी बाद केले. पुढच्या चढाईत तिघांच्या मिठीतून वितळल्यासारखा निसटला. टीव्हीवरचा माणूस ‘लातूर का लाल’ म्हणून ओरडायला लागला, तशी सुमन हातातली कणीक तशीच घेऊन बाहेर आली.

“हा रेणापूरचाच ना? आपण घेतलेला?”

“हाव.”

“मग आपण जिंकलो?”

महेश माझ्याकडे बघू लागला. मी टीव्हीकडे बघू लागलो.

“तो बाकावर आहे,” मी म्हणालो.

“कुठाय बाकावर? पळून राहिला की.”

“तिथे पळतोय. आपल्यात बाकावर आहे.”

तिच्या बोटांवरची कणीक वाळायला लागली होती. “कोणी बसवलं त्याला?” तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी खरं बोललो असतो.

“माणिकरावांना फोन केला होता,” मी म्हणालो. “ते म्हणाले, विशाल खेळणार नाही.”

हेच ते वाक्य.

माणिकरावांना याचा जाब कुणी विचारला नाही. “लेकीचं घर हाय ते. तोंडातून शब्द काढायचा न्हाई कोणी,” असं सुमनने सगळ्यांना बजावलं. माणिकराव जिंकले आणि जावळ रेणापूरला झालं. बाळ मामाच्या, म्हणजे महेशच्या, मांडीवर बसून रडलं. झबलं तिथलंच घातलं. आमचं लाल झबलं सुमनने पिशवीतून काढलंच नाही. तिथला न्हावी तरुण होता, मशीन घेऊन आला होता. सुमन खुर्चीवर बसून बघत राहिली आणि मी सुमनकडे बघायचं टाळत राहिलो.

त्यानंतर माणिकराव नांदेडला आले की सुमन आपला निषेध आपल्या पद्धतीने करायची. आम्हाला गोड चहा, त्यांना बिनसाखरेचा. आम्हाला तुपाची पोळी, त्यांना कोरडी भाकरी. वाटायचं, आता माणूस उठून जाईल. तर माणिकराव मला बाजूला घेऊन म्हणाले, “वैनी लई जपतात हो. माझी शुगर वाढली हे कोणी सांगितलं त्यांना? आमच्या घरी कोणी एवढं बघत न्हाई.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. माणूस शिक्षा भोगत होता, तीही माझी, आणि वर आभार मानत होता.

यंदा थंडीत त्यांनी हुरड्याला बोलावलं. मी एकटाच गेलो. शेतात हुरडा भाजायच्या आगटीजवळ दोघेच बसलो होतो. ते कणसं चोळून हुरडा माझ्या हातावर ठेवत होते. चौथ्यांदा मी त्यांचा हात अडवला. मी सगळं सांगून टाकलं. फोन, टाकी, कणीक, ते वाक्य, बिनसाखरेचा चहा.

माणिकरावांनी काडीने आगटी उकरली. मग म्हणाले, “इवाई, मला बी सांगायचंय. जीव खाऊन राहिलंय ते.”

“काय?”

“म्या तुमाला विशालचं खरं सांगितलं ना?”

“हो. म्हणून तर...”

“ते फसवायला सांगितलं. तुमचा सोभाव म्हाईत हाय मला. लग्नात म्या म्हणलं मानपान नको, खरंच नको होता, तर तुमी तालुक्यात फिरून माझ्यासाठी फेटा आणला. म्हणलं, ह्या माणसाला खरं सांगितलं की ह्यो उलटंच करणार. खोटं सांगायची गरजच न्हाई.” ते जमिनीकडे बघत होते. “पाप झालं. वैनीचा जीव होता त्या जावळात, हे मला मागनं पोरीकडनं कळलं.”

आम्ही दोघांनी एकमेकांची माफी मागितली. कुणाचा गुन्हा मोठा यावर थोडा वादही झाला. दोघेही ‘माझा, माझा’ म्हणत होतो. व्याहीच ना.

नांदेडला उतरलो तो सरळ स्वयंपाकघरात गेलो. “सुमन, माणिकराव त्या दिवशी खरं बोलले होते. विशालला लावा, असंच म्हणाले होते. मी विश्वास ठेवला नाही, आणि तुला मी खोटं सांगितलं.”

तिने भाजी चिरायची थांबवली. “हुरड्यासंगं काय होतं?”

“दही, गूळ, चटणी. त्याचा काय संबंध?”

“बसा. कोणी हातावर चार दाणे ठेवले की तुमाला तो देव वाटतो.”

“अगं, ते स्वतः म्हणाले, मी खरं सांगून फसवलं.”

“खरं सांगून कोणी फसवतं का? ऐका तरी काय बोलून राहिले ते.” तिने तिथूनच रेखाला, आमच्या लेकीला, फोन लावला. “तुझे आबा समदं सोताच्या अंगावर घेऊन राहिले. तुझ्या सासऱ्यांसाठी.”

“आबा म्हणजे ना,” पलीकडून रेखा म्हणाली आणि तिचा आवाज भरून आला. तिने ते संदीपला सांगितलं. महेशलाही कळलं. दोन दिवसांत मी घरात थोर माणूस झालो. रेखाच्या धाकट्या लेकीचं, आमच्या नातीचं, जावळ व्हायचं होतं. आबांच्या मोठ्या मनाकडे बघून ते नांदेडला करायचं ठरलं. माणिकराव लगेच हो म्हणाले. ते का हो म्हणाले, याचा सुमनने वेगळाच अर्थ काढला: खोटं बोलल्याची लाज वाटते. गंगारामचा वस्तरा अजून आहे. अंगण झाडून झालंय.

निदान हे लिहिलेलं तरी तिला पटेल, म्हणून मी काल तिला सगळं वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग चष्मा पुसला.

“चांगलं जमलंय,” ती म्हणाली. “पण लोकांना खरं वाटायचं न्हाई. एवढं खोटं बोलायला माणसाला अक्कल लागते. तुमाला जमलं असतं का ते?”