कामतघरची ग्रीकची शिकवणी

ग्रीक शिकायला मी कामतघरला जाऊ लागले तेव्हा पहिला संशय मलाच आला होता.

मी भिवंडीत एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते. सुरुवातीच्या काळातले ख्रिस्ती ग्रंथ गुलामांबद्दल काय सांगतात, हा मी पीएचडीचा विषय घेतला होता. आम्ही बौद्ध. माणसाला खाली ठेवणारे ग्रंथ आमच्या घरात आजोबांच्या पिढीनंच टाकून दिले. त्यामुळे धन्याची आज्ञा पाळ असं कुठल्याही ग्रंथात दिसलं की माझे कान टवकारतात. माझ्या मार्गदर्शक बाईंनी बजावलं की मूळ ग्रीक भाषा येत नसेल तर या विषयात पडू नका, आणि पत्ताही त्यांनीच दिला. भिवंडीतल्याच कामतघर भागात नन्सचं एक लहान घर होतं. खाली दवाखाना, वरच्या मजल्यावर एक निवृत्त सिस्टर. आयुष्यभर त्यांनी धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ग्रीक शिकवलेलं.

सिस्टर वसईकडच्या, सत्तरीच्या पुढच्या, एका कानानं कमी ऐकणाऱ्या. शिकवणीचं काय घ्याल असं विचारलं तर म्हणाल्या, वेळेवर येत जा, बाकी काही नको. घरी हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली की फुकट शिकवणारा माणूस शेवटी मोठंच काहीतरी मागतो. मलाही ते पटलं. मी वाट बघत राहिले. आज प्रार्थनेला बसवतील, उद्या एखादी पुस्तिका हातात ठेवतील. तसं काहीच होईना. त्यानं माझा संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढला. सावज धरणारा आधी हालचाल करत नाही, असं मला वाटायचं.

शिकवत मात्र त्या फार कडक. एकाच ओळीचे जुन्या हस्तलिखितांत दोन-तीन पाठ सापडतात. त्यातला सोपा, गुळगुळीत पाठ दिसला की त्याच्यावर आधी संशय घ्यायचा, हे त्यांनी मला शिकवलं. नकलून घेणाऱ्याला अडचण वाटली की तो ती पुसून टाकतो, म्हणून खडबडीत पाठ बहुधा जुना. शास्त्रच संशयाचं निघालं म्हणून मी मनातल्या मनात खूश झाले होते.

चारी बाजूंना कापड विणणारे पॉवरलूम. त्यांच्या खडखडाटात आणि सिस्टरांच्या कानामुळे आम्ही शब्दांची रूपं अक्षरशः ओरडून म्हणायचो. शुक्रवारी लूम बंद असतात, पण सवयीनं आमचा आवाज तसाच. गल्लीला वाटलं वर मंत्र चाललेत. एका शुक्रवारी तिघं जण जिना चढून आले. दवाखान्याच्या नावाखाली इथं काय चालतं, असं त्यांनी हिंदीत विचारलं. सिस्टरांनी त्यांना बसवलं, चहा दिला, शब्दरूपांचा तक्ता दाखवला. त्यांच्यातल्या एकानं तक्त्याचा फोटो काढला आणि मग माझाही. मी विचारायच्या आत ते खाली उतरले होते.

दोनच दिवसांत धामणकर नाक्यावर कुणीतरी माझ्या दादाला तो फोटो दाखवला. दादा टेम्पो चालवतो, त्याची उठबस तिथंच. तो मला रागावला नाही. पुढच्या शिकवणीला सरळ माझ्याबरोबर आला आणि दाराशी खुर्ची घेऊन बसला.

त्या दिवशी आम्ही बायबलातलं एक छोटं पत्र वाचत होतो. लिहिणारा तुरुंगात आहे. धन्यापासून दुरावलेला एक गुलाम त्याच्याकडे आलाय. त्याला तो परत पाठवतोय आणि धन्याला विनवतोय की याला आता भावासारखा घे. मराठी भाषांतरांत त्या माणसाला कुठं दास म्हटलंय, कुठं नोकर. सिस्टर म्हणाल्या की नोकर हा गुळगुळीत शब्द, त्यावर विसंबू नकोस. तो विकत घेतलेला माणूस होता.

दादा बराच वेळ ऐकत होता. मग त्यानं विचारलं, "मंग त्या धन्यानं सोडला काय त्याला?"

"ठाऊक नाही," सिस्टर म्हणाल्या. "पत्रात तसं लिहिलेलं नाही. सोड, असंही स्पष्ट लिहिलेलं नाही."

"देवाच्या मानसानं लिवलंय, आन् सोड म्हनायला जड गेलं?"

"हा प्रश्न मलाही जन्मभर पडलाय," सिस्टर एवढंच म्हणाल्या.

परतताना दादा म्हणाला, "बाई खोटं बोलत न्हाय, बाय. पन तिच्या मागं कोन हाय, ते कळत न्हाय."

त्यानंतर सिस्टरच बदलल्या. शिकवणी लवकर आटपू लागली. दार सताड उघडं ठेवायचं. एक तरुण सिस्टर शिवण घेऊन कोपऱ्यात येऊन बसायची, आणि आमचं बोलणं थांबलं की तिची सुईही थांबायची. मला वाटलं, आता काहीतरी ठरलंय, आता मागणी येणार. शेवटी, ती तरुण सिस्टर खाली औषधं द्यायला गेली असताना, मी सरळ विचारलं की माझ्याकडून तुम्हाला नक्की काय हवंय.

त्यांना हसू आलं, पण ते टिकलं नाही. त्यांनी सांगितलं की त्यांच्याच लोकांनी वरिष्ठांकडे तक्रार केलीय. पवित्र ग्रंथातल्या उणिवा ही बाई बाहेरच्या मुलीला दाखवते, म्हणून.

"मी तुला बाटवते, असं गल्लीला वाटतं," त्या म्हणाल्या. "आणि तू मला बाटवलंस, असं आमच्यांना वाटतं."

महिनाभरात त्यांची बदली विदर्भातल्या एका गावी झाली. त्यांचं सामान दादानंच टेम्पोतून कल्याण स्टेशनला नेलं. सामान कसलं, पुस्तकांची खोकीच.

प्रबंधातलं त्या पत्रावरचं प्रकरण लिहून झाल्यावर मी त्यांना पाठवलं. लेखकानं भावाची भाषा वापरून मालकी शाबूत ठेवली, असं मी मांडलं होतं. ते परत आलं तेव्हा समासात पेन्सिलीनं भलामोठा आक्षेप होता. ज्याला भाऊ म्हणून सगळ्यांसमोर जेवायला बसवायचं, त्याला विकता येत नाही. मालकी आतून पोखरायची ती याच वाटेनं, असा त्यांचा मुद्दा. मी तो पुन्हा पुन्हा वाचला. कामतघरला त्या इतक्या ठामपणे कधी बोलल्या नव्हत्या. मी फोन केला आणि विचारलं, "हे तुमचं मत आहे, की कुणी लिहायला लावलं?"

त्या म्हणाल्या, "माझंच आहे. पण तू विचारलंस ते बरं केलंस."

मी माझं मत बदललं नाही. त्यांचा आक्षेप तळटिपेत जसाच्या तसा घातला, नाव मात्र त्यांच्या सांगण्यावरून गाळलं. तोंडी परीक्षेत एका परीक्षकांनी नेमकं त्याच तळटिपेवर बोट ठेवलं. हे कुणाचं मत, असं त्यांनी विचारलं. एका अभ्यासक बाईंचं, नाव देऊ नका असं त्यांनी सांगितलंय, असं मी म्हणाले. प्रबंध मंजूर झाला. पण ती टीप मीच रचलीय, अशा नजरेनं ते शेवटपर्यंत माझ्याकडे बघत होते.