टोपलीतलं अंडं
गव्हाच्या कुटाराचा, म्हणजे भुशाचा, वास आला की अंजनगावातलं आमचं अंगण आठवतं. कोंबड्या फारच झाल्या होत्या, म्हणून अंडी न घालणारी माझी लाडकी कबरी कोंबडी आईने धारणीच्या मावशीला द्यायची ठरवली. मावशी जीप घेऊन तिला न्यायला आली. टोपलीत कुटारावर बसवलेल्या कबरीवरून शेवटचा हात फिरवायला गेले, तर तिच्याखाली गरमागरम अंडं! ते उंच धरून मी अंगणभर नाचले. "आई, कबरीनं अंडं घातलं! आता तिले देऊ नको!" मावशी खदखदून हसली. "पोरी, आता तं मी इले नेतोच! अंडं तुले राहू दे." जीप वळणाआड गेली, तेव्हाही अंडं हातात गरमच होतं. काही चांगलं घडलं की मी अजूनही आधी ओरडते, विचार मागाहून करते.