वीणा ज्यांनी हाती घेतली

बुक्क्याचा गंध आणि वीणेच्या तारेचा एकसुरी झंकार एकत्र आठवला, की आजही आधी माझा संताप जागा होतो. भक्ती मागाहून येते.

लालबागच्या आमच्या चाळीतल्या विठ्ठल मंदिरात सप्ताह चालला होता. सप्ताहभर वीणा जमिनीला टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, नामाची धार तुटत नाही. माझे यजमान तरुणपणापासून हा पहारा करत आले. त्या वर्षी मात्र त्यांना वारंवार लघवीला जावं लागे. वीणा कुणाच्या तरी स्वाधीन करून ते घाईने बाहेर पडत, तेव्हा टाळकरी हसत. "काय रे, नळाचा वायसर गेला काय?" हेही हसत.

मला ते हसू सहन होत नसे. स्तनांच्या तपासणीसाठी मला हाताला धरून दादरला नेणारा हा माणूस, स्वतःच्या तपासणीचं नाव काढताच म्हणे, "वयाप्रमाणे होतंच गं. विठ्ठल बघून घेईल." विठ्ठलावर सोपवल्याचं ते सोंग होतं, खरी होती ती लाज. आदल्याच वर्षी मंडळाचे पखवाजी पाठदुखी, पाठदुखी म्हणत गेले. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत उतरला होता, हे त्यांच्या बायकोने तेराव्याला माझ्या कानात सांगितलं. कानात! जणू मरणापेक्षा त्या ग्रंथीचं नाव अधिक लाजिरवाणं होतं. गाभाऱ्यापुढे उभी राहून मी देवालाच विचारलं, माणसाचा जीव घेणारी ही कसली मर्यादा?

त्याच दुपारी हे पुन्हा गळ्यातली वीणा काढू लागले आणि पुन्हा हशा पिकला. दर्शनाला आलेले एक अनोळखी वृद्ध पुढे झाले. त्यांनी ह्यांच्यापुढे वाकून वीणा घेतली, गळ्यात अडकवली आणि हसणाऱ्यांकडे वळले.

"हसताय काय? मीपण असाच हसायचो. मला तर काही त्रासच नव्हता. प्रोस्टेटचा कॅन्सर कळला तेव्हा हाडांत पोचलेला. पन्नाशी झाली की डॉक्टरला विचारा रे. रक्त तपासायला लाज कसली?"

टाळ थांबले होते. मग त्यांनीच नाम उचललं. ह्यांचा पहारा संपेपर्यंत ते उभे राहिले. नंतर कुणाला दिसले नाहीत. ते कोण होते, याचा शोध मी घेतला नाही.

रक्ताची चाचणी झाली, पुढच्या तपासण्या झाल्या. लघवीचा त्रास ग्रंथीच्या साध्या वाढीचा निघाला. कॅन्सर मात्र तिच्या आडोशाला गप्प बसला होता, अजून बाहेर न पडलेला. उपचार झाले. यंदा हे पुन्हा पहाऱ्याला उभे आहेत, आणि वीणेची तार ऐकताना माझे डोळे भरून येतात. तरी पखवाजींसाठी कुणी असं पुढे का झालं नाही, हा प्रश्न मी विठ्ठलापुढे अजून ठेवतेच.

आपलं दुखणं दुसऱ्याच्या हाती देण्याइतकं वाकणं, एवढाच शरणागतीचा अर्थ मला उमगला. ते वाकणं मी त्या दुपारी पाहिलं. हे परत आले, पण त्यांनी वीणा मागितली नाही. मंदिराच्या पायरीवर माझ्याजवळ बसले, ओले हात कितीतरी वेळ उपरण्याला पुसत राहिले. मग उठून चपला पायांत सरकवल्या आणि माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "चल, दादरला."