वारस नाही म्हणून

अमेरिकेत सनीव्हेलला आमच्या मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे ज्याने-त्याने घरून पदार्थ आणायच्या जेवणाला, मूळचे नागपूरचे एक गृहस्थ वांगीभात आणतात आणि तो गार होईपर्यंत सगळ्यांना नागपूर प्रांत ऐकवतात. भोसल्यांच्या गादीला वारस नाही म्हणून इंग्रजांनी राज्य खालसा केलं, त्याचा प्रांत केला आणि सात-आठ वर्षांत तोही मध्य प्रांतात घालून टाकला. एवढीच गोष्ट, पण ती सांगताना ते चष्मा काढून डोळे पुसतात. "राजघराण्याचा दत्तक मानला असता तर काय बिघडलं असतं बाप्पा?" असं विचारत ऐकणाऱ्याच्याच ताटातली भजी उचलतात.

गेल्या वर्षी आमच्या एक काकू गेल्या. गॅरेजमध्ये त्या मराठी पुस्तकांची लायब्ररी चालवायच्या. तेराव्यालाच हे गृहस्थ मंडळाचे अध्यक्ष म्हणून व्हॅन घेऊन हजर झाले. काकूंची इथेच जन्मलेली मुलगी दारात उभी होती.

"काका, मी चालवीन ना. मी वाचायला शिकतेय, रिअली."

"बेटा, शिकतेस ते छान. पण आज चालवायला कोणी नाही, म्हणून मंडळ टेकओव्हर करतंय," असं म्हणून ते पुस्तकांवर मंडळाचे शिक्के मारायला बसले.

सहा महिन्यांत लायब्ररी बंद पडली. परवा या गृहस्थांच्या घरी गेलो, तर त्यांच्या गॅरेजच्या भिंतीवर नागपूर प्रांताचा फ्रेम केलेला नकाशा होता आणि त्याखाली काकूंच्या पुस्तकांची खोकी, टेपसुद्धा न काढलेली. मी खोक्यांकडे बघत राहिलो. त्यांना वाटलं, नकाशाच बघतोय. चष्मा काढून ते म्हणाले, "किती अन्याय झाला हो आपल्यावर."