कुलूपवाल्याची लेक

आमच्या भागात माझ्या बाबांना सगळे ‘किल्लीदादा’ म्हणतात आणि मला किल्लीदादांची लेक. मी ते खुशाल मिरवते. हे नाव त्यांना फुकट मिळालेलं नाही. एके काळी याच हातांनी ते लोकांची घरं फोडत होते.

तरुणपणी बाबा कुलपांच्या दुकानात कामाला होते. हात हलका, डोकं तल्लख आणि संगत वाईट. पकडले गेले, शिक्षा भोगली. तुरुंगात रविवारी एक ख्रिस्ती पाळक उपदेश करायला यायचे. बाबा आधी त्यांच्याकडे जायचे ते केवळ कोठडीबाहेर बसायला मिळतं म्हणून. मग ऐकू लागले, मग रडू लागले, आणि सुटण्याआधी त्यांनी आपलं आयुष्य प्रभूच्या हाती सोपवलं.

बाहेर आल्यावर त्यांनी स्वतःलाच एक शिक्षा ठोठावली: कुलपाला पुन्हा हात लावायचा नाही. एका रुग्णालयाच्या धुलाईघरात काम धरलं. दिवसभर वाफ, ओल्या चादरी आणि साबणाचा वास. आई तिथेच इस्त्रीवर होती. लग्नाचं बोलण्याआधी त्यांनी तिला सगळं सांगून टाकलं. आई म्हणाली, तुम्ही आधी कसे होतात ते देवाला ठाऊक, आता कसे आहात ते मी रोज बघते.

पण बाबांचं आपलं तेच. आमच्या घराचं कुलूपसुद्धा आईच लावायची. बाबा शेजारी हात मागे बांधून उभे. सकाळी गुडघे टेकले की त्याच जुन्या गुन्ह्यांची क्षमायाचना, जवळपास त्याच शब्दांत. रविवारच्या उपासनेला मंडळीत जागा ठरलेली, सगळ्यात मागचं बाक.

एकदा आमच्या मंडळीच्या पाळकसाहेबांनी प्रार्थनामंदिराची किल्ली त्यांच्याकडे ठेवायला दिली. बाबांनी ती घेतलीच नाही. पाळकसाहेब घरी आले, चहा घेतला, आणि शांतपणे म्हणाले, “देवाने तुझा खटला कधीच मिटवला. तू रोज सकाळी तीच फिर्याद घेऊन त्याच्या दारात का जातोस?”

“त्याने माफ केलं हे पटतं,” बाबा म्हणाले. “पण हात तेच आहेत ना.”

“मग सगळं त्याला दिलंस आणि हात तेवढे मागे ठेवलेस?”

बाबांनी रिकामे कप उचलले आणि आत नेले.

त्यानंतर एका रविवारी आम्ही उपासनेहून परतलो, तर समोरच्या इमारतीच्या जिन्यात ही गर्दी. तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या मुख्याध्यापिका बाई घरात पडल्या होत्या. आतून कण्हणं ऐकू येत होतं आणि दार लोखंडी. दोघातिघांनी खांदे लावून पाहिले, खांदेच दुखावले. अग्निशमन दलाला फोन झाला होता, पण गाडी वाटेत अडकली होती. तेवढ्यात आतला आवाज थांबला.

बाबा घरी धावले. आईच्या शिवणाच्या डब्यातून एक जाड सुई घेतली, दुरुस्तीच्या पिशवीतून तार आणि बारीक स्क्रू-ड्रायव्हर घेतला. मी त्यांच्या मागोमाग जिना चढले. सगळ्यांच्या देखत ते कुलपापुढे गुडघ्यांवर बसले. आपण काय करतोय आणि यातून लोकांना काय कळणार आहे, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. त्यांचे ओठ हलताना मला दिसले. हात मात्र सुई-तारेवर चालत होते.

दार उघडलं. बाईंचं कमरेचं हाड मोडलं होतं, पण जीव वाचला.

त्या वेळी काय प्रार्थना केलीत, असं मी त्यांना नंतर विचारलं. ते म्हणाले, “मागचं काही काढलंच नाही. एवढंच म्हणालो, देवबापा, हे हात तुझे. आता तूच चालव.”

गल्लीत कुजबूज सुरू झालीच. धुलाईघरातल्या माणसाला हे येतं कसं? बाबांनी ती वाढू दिली नाही. पुढच्या रविवारी मागच्या बाकावरून उठून ते पुढे गेले आणि सगळ्यांसमोर आपण कोण होतो ते सांगितलं. मान खाली न घालता. काही जण उठून गेले. आमच्या घरमालकांनी तर दुसऱ्याच दिवशी आपल्या दाराचं कुलूप बदललं. नवं कुलूप नीट बसेना, तेव्हा त्यांनी बोलावलं ते बाबांनाच! बाबांनी जाऊन ते बसवून दिलं आणि घरी येऊन पोट धरून हसले. त्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

बाई बऱ्या होऊन काठी टेकत आमच्याकडे आल्या. घराची जादा किल्ली बाबांच्या हातावर ठेवून म्हणाल्या, “ही तुमच्याकडेच राहू दे. पुढच्या वेळी सुई शोधत बसू नका.”

ती त्यांनी घेतली.

आता कोपऱ्यावर बाबांचं कुलूप-किल्ल्यांचं छोटं दुकान आहे. रविवारी दुपारी ते तुरुंगात जातात, नव्या कैद्यांजवळ बसतात, त्यांचं ऐकून घेतात. फाटकावरचा शिपाई त्यांचे खिसे तपासतो, म्हणतो, “दादा, तुमची अवजारं तेवढी बाहेर ठेवा हं.” बाबा हसून दोन्ही हात वर करतात आणि आत जातात.